भागाआत्याचे अंगठे

मागच्या महिन्यात धाराशिवच्या दातांच्या डॉक्टरीणबाईनं माझ्या तोंडात आरसा घालून बघितलं आणि विचारलं, "बाई, झोपेत दात खाता का हो तुम्ही? दाढा पार सपाट झाल्यात." मी म्हटलं, "झोपेतच कशाला, जागेपणीपण खाते." ती हसली. म्हातारी गमतीदार आहे असं तिला वाटलं असणार. मग तिनं माझ्या गालावर, जबड्याच्या कोपऱ्याशी बोटं दाबली आणि म्हणाली, "हा स्नायू बघा किती कडक झालाय. कसला एवढा राग धरून बसलाय?" तिला काय सांगणार, पोरीला? तो स्नायू मला ती जन्मायच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. पस्तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं, त्याचं पुस्तकातलं नाव शेकडो पोरांकडून पाठ करून घेतलं. पण मला तो पहिल्यांदा दाखवला तो भागाआत्यानं, आणि तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती त्याला गालफडाचं मांस म्हणायची.

भागाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती कायमची. आम्ही चौघं एका खोलीत राहायचो : दादा म्हणजे वडील, आई, आत्या आणि मी. भूमच्या अलीकडचं आमचं गाव, गावाबाहेर बौद्धांची वस्ती, वस्तीच्या कडेला आमचं घर. आत्याचा आवाज पुरुषासारखा भरडा होता. सकाळी चुलीपुढं बसून ती फुंकणीनं जाळ करायची आणि मधेमधे कुणालातरी शिव्या द्यायची. कुणाला, ते मला कधी कळलं नाही. तिची ख्याती एकाच गोष्टीची. कुणाचा जबडा निखळला की तो ती बसवायची. आमच्या आज्यानं धर्मांतराच्या आधी गावची मेलेली जनावरं ओढली, सोलली. ही त्याच्या शेजारी बसून बघायची, आणि मिटायला कुठलं मांस, दळायला कुठलं, हाड कुठल्या खळग्यात बसतं, ते त्यानं तिला हातानं दाखवलं होतं. पुढं वस्तीनं शपथ घेतली, ते काम सोडलं. दादानं घरातल्या सुऱ्या, रापी, सगळं विहिरीत टाकलं. आत्या म्हणायची, "सुऱ्या टाकल्यास रं भावड्या, पन बोटातलं कसं टाकशील?"

मला ती शिकवायची ते असं. कानशिलावर बोट ठेव, दात आवळ. काय हाललं? आता गालावर ठेव. आता कानाच्या पुढं ठेव आणि तोंड उघड, खळगा पडला का? मग दावणीशी न्यायची आणि रवंथ करणाऱ्या बैलाच्या गालावर माझा तळहात टेकवायची. "बैलाचा जबडा जात्यावानी आडवा फिरतो. कुत्र्याचा अडकित्त्यावानी, नुसता वर-खाली. म्हनून कुत्र्याचा सहजी निखळत न्हाय. मानसाला वर-खाली पायजे, आडवा पायजे, म्होरंबी पायजे. ज्याला लई सोय, त्याची खुंटी ढिली." आणि एक गोष्ट ती वारंवार सांगायची, "तोंड मिटायचं मांस दांडगं असतंय कमे, उघडायचं मरतुकडं. बघ तू, कुनाचंबी." पुढं ट्रेनिंग कॉलेजात हेच मला आकृतीसकट शिकवलं, तेव्हा मी वर्गात हुंदका देऊन रडले होते. मास्तरांना वाटलं, घरची आठवण आली. आठवणच आली होती, पण माझा जीव रागानं फुटत होता.

मी शाळेत होते तेव्हा दुष्काळाचं दुसरं वर्ष चाललं होतं. पाऊस नाही, पीक नाही, दादा आणि आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. मजुरीत धान्याचं कूपन मिळायचं आणि ते धान्य गावच्या सोसायटीच्या दुकानातून घ्यायचं. धान्य म्हणजे परदेशातून आलेला लाल मिलो, ज्वारीसारखाच पण हलका. त्याची भाकरी थापताना तुटायची, तव्यावर चिवट व्हायची आणि चावून चावून कानशिलं ठणकायची. पण ती होती तोवर बरं होतं. सोसायटीचा चेअरमन गावचा मोठा बागायतदार. त्याचं नाव मी घेणार नाही, आणि त्याला अहो-जाहोही करणार नाही. लेखात तरी मला ती मुभा असू द्या. सोसायटीनं ओढ्याकाठी गुरांची छावणी काढली होती. ढोकीच्या साखर कारखान्याकडून ट्रॅक्टरनं उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, यायचं, ते कधी पुरायचं, कधी नाही. मी तिथं बघितलेल्या गाई मला आजही दिसतात. पोटात काही नसायचं तरी त्यांचे जबडे हलत असायचे. मरणाच्या आदल्या दिवशीही हलायचे. मग गुरं मरायला लागली आणि चेअरमनचा निरोप आला : वस्तीनं येऊन ढोरं ओढावीत, पूर्वी ओढत होता तशी.

दादानं निरोप आणणाऱ्या नामाला, म्हणजे चेअरमनच्या सालगड्याला, ओट्यावरूनच सांगितलं, "ते काम आमी सोडलं. गाव मोठं हाय, हात लई हायती. ज्याचं ढोर त्यानं ओढावं." नामा गरीब माणूस, मान खाली घालून गेला. दुसऱ्या दिवशी आई कूपन घेऊन दुकानात गेली तर वस्तीपुरतं धान्य संपलं होतं. आमच्या पुढचीला मिळालं, आमच्या मागचीला मिळालं, आणि आमची पोती मोकळी. तिसऱ्या दिवशी तेच, आठव्या दिवशी तेच. आधी ढोरं ओढा मग धान्य, हे तोंडानं सांगायची गरज नव्हती. आई चिंचोके भाजायची, टरफलं काढून भिजत घालायची आणि आम्ही ते चघळत बसायचो. शेवग्याचा पाला उकडून खायचो. वस्तीतल्या लहान पोरांचे जबडेही त्या गाईंसारखे नुसतेच हलताना मी बघितलेत. दादा म्हणायचा, मरू, पण ओढणार नाही. त्याला वस्तीतला एकही माणूस नाही म्हणाला नाही, हे मी अभिमानानं लिहून ठेवते, कारण पुढं जे लिहायचं आहे त्यात अभिमानाचं काही नाही.

अशात एके दिवशी दुपारी नामा पळत आला. चेअरमन पोटभर जेवून सोसायटीच्या ओट्यावर लोडाला टेकला होता आणि त्यानं जांभई दिली. ती जांभई तशीच राहिली! तोंड वासलेलं, मिटता मिटेना, लाळ गळतेय, बोलता येईना. जीप ढोकीला गेलेली, एसटी संध्याकाळी. "भागाआत्या, चला," नामा हात जोडून म्हणाला. मला हसू आवरेना. भरल्या पोटाची जांभई त्याचाच जबडा घेऊन गेली होती. आई म्हणाली, "बसू दे तसाच." आत्या उठली, पदर खोचला आणि मला म्हणाली, "चल, डोकं धरायला लागंल."

चेअरमनला तोवर त्याच्या वाड्यावर नेलं होतं, पण आम्हाला पुढच्या दारानं नेलं नाही. मागून, गोठ्यातून. चेअरमन गोठ्यातच पाटावर बसवलेला, डोळ्यांत पाणी. त्याच्या बायकोनं नवं कोरं जाड कापड लांबून टाकलं आणि म्हणाली, "हाताला गुंडाळ आधी." मला वाटलं, काय भली बाई, आत्याच्या अंगठ्याची काळजी करतेय, कारण जबडा बसतो तेव्हा ते दांडगं मांस फटकन मिटतं आणि आतला अंगठा चावला जातो. पण ती पुढं म्हणाली, "तुझं कातडं लागू देऊ नको त्यांच्या तोंडाला." तेव्हा मला कळलं. माझ्या कानशिलात आग पेटली आणि मी मोठ्यानं बोलले, "आत्या, आधी धान्य म्हण. मान हलवू दे त्याला. मग बसव." आत्यानं वळून माझ्या थोबाडीत दिली. सगळ्यांसमोर. "उघड्या तोंडाशी सौदा करायचा न्हाय," एवढंच म्हणाली.

मग तिनं कापड गुंडाळलेले दोन्ही अंगठे त्याच्या खालच्या दाढांवर ठेवले, बोटं हनुवटीखाली, आणि नुसती उभी राहिली. जोर लावायचा नाही, हे तिचं पहिलं सूत्र. जोर लावला की मांस चिडतं, आणखी आवळतं. त्याला दमू द्यायचं. ती हळू आवाजात त्याच्याशी बोलत राहिली, जनावराशी बोलावं तशी. मग एकदम खाली दाब, मागं लोट, आणि खट्. बसला. तिचं हात सोडायचं एक ठरलेलं असायचं : जबडा हातात धरूनच रोग्याला एक घोट पाणी गिळायला लावायची. घोट सरळ उतरला तरच जबडा बसला. बायकोनं चांदीचं फुलपात्र आणलं, स्वतः लावलं, घोट उतरला. आत्या म्हणाली, "हनुवटीखालून पटका बांधा. पंधरा दिस दोन बोटांपरीस जास्ती तोंड उघडायचं न्हाय. जांभई आली तर खालून मूठ लावा. आरडायचं तर अजाबात न्हाय." चेअरमननं मिटल्या दातांतून पहिला शब्द काढला. मला वाटलं, धान्य म्हणेल. माणूस आहे, शेवटी म्हणेल. तो म्हणाला, "गोमूत्र आणा."

चूळ भरायला. आमच्यासमोर भरली त्यानं ती चूळ. निघताना बायकोनं वरून आत्याच्या पदरात अर्धी ज्वारीची भाकरी टाकली. पांढरीशुभ्र, ज्वारीची! मी किती दिवसांत बघितली नव्हती. आत्यानं ती पदरातून काढली आणि दावणीच्या बैलापुढं धरली. बैलानं जीभ फिरवून आत घेतली. रस्ताभर मी आत्यापासून चार पावलं मागं चालले. मला तिचा राग आला होता : धान्य मागू दिलं नाही म्हणून, मारलं म्हणून, आणि खरं सांगायचं तर त्या भाकरीसाठी सगळ्यात जास्त.

धान्य आलं नाही. गावात बातमी झाली की चेअरमनचा जबडा भूमच्या डॉक्टरनं बसवला. दादा दातओठ खात अंगणात फेऱ्या मारायचा. "बोलायचं हुतंस आक्का, तोंड वासून हुता तवा बोलायचं हुतंस." आत्या चिंचोके निवडत म्हणायची, "वासल्या तोंडानं हो म्हनला आसता, मिटल्यावर न्हाय म्हनला आसता. त्याला काय लागतंय?" माझ्या लक्षात आजवर राहिलेली तिची ही सगळ्यात शहाणी गोष्ट. तेव्हा मात्र मला ती बुळी वाटली.

जबडा बसवल्यापासून नवव्या दिवशी छावणीतला एक मोठा बैल मेला. दोन दिवस पडून राहिला. वारा गावाकडं होता. सकाळी नऊच्या सुमाराला चेअरमन स्वतः आला, दोन गडी आणि नामा मागं. वस्तीच्या तोंडाशी, आमच्या घरापासून दहा पावलांवर उभा राहिला. पटका त्यानं सोडून खांद्यावर टाकला होता. आधी दातांतल्या दातांत बोलला, मग आवाज चढला. "माजलाय का रं? सरकारी मिलो खाऊन माजलाय!" बाया दारात आल्या. दादा पुढं झाला. चेअरमननं आमच्या जुन्या जातीचं नाव घेतलं आणि आमच्या आयांना शिवी घालायला सगळं तोंड उघडलं. शिवी अर्ध्यात राहिली. तोंड उघडं ते उघडंच.

आधी कुणाला कळेना. मग कुणाचं तरी शेंबडं पोर खुदकन हसलं आणि त्याच्या आईनं त्याचं तोंड दाबलं. चेअरमन हातानं जबडा वर ढकलायला लागला, घशातून आवाज काढायला लागला. नामा आत्याकडं बघून रडकुंडीला आला. "वाड्यावर चला आत्या." आत्या उंबऱ्यात उभी होती. "म्या त्या गोठ्यात येनार न्हाय," ती म्हणाली. "पाठीला भिंत लागती. ही भिंत हाय. बसवा इथं." चेअरमननं मान हलवली, नाही म्हणून. आत्या आत वळली. ऊन चढत होतं, लाळ सदऱ्यावर गळत होती. आम्ही सगळे बघत होतो. नामानं आणि गड्यांनी त्याला दंडाला धरून आणलं आणि आमच्या कुडाच्या भिंतीला टेकवून मातीत बसवलं. नामानं खांद्यावरचा पटका पुढं केला, हाताला गुंडाळायला. "नगं. कापडातनं हाड कळत न्हाय," आत्या म्हणाली आणि उघडे अंगठे त्याच्या तोंडात घातले.

या वेळेला मांस फार चिडलं होतं. ती उभीच राहिली, उभीच राहिली. काही बोलली नाही या वेळी. मग खाली दाब, मागं लोट, खट्, आणि दात तिच्या उजव्या अंगठ्यात घुसले. रक्त तिच्या मनगटापर्यंत आलं. तिनं जबडा दोन्ही तळव्यांत धरून ठेवला आणि मला म्हणाली, "कमे, पानी."

आमच्या घरात पाणी म्हणजे आईनं पहाटे जाऊन आणलेलं, आडावरच्या माणसानं वरून ओतलेलं, कारण आमची घागर आडाला चालत नसे. मी पितळी पेला भरला. त्याच्यापुढं बसले आणि पेला त्याच्या ओठांना लावला. त्यानं डोळे मिटले. मान फिरवायला बघितली, पण मान आत्याच्या हातात होती. "घोट उतरल्याबिगर म्या हात सोडत न्हाय," आत्या म्हणाली. "सोडला तर पुन्यांदा निसटंल. मग कुनाकडं जायाचं त्यानं ठरवावं." किती वेळ गेला कोण जाणे. पाणी त्याच्या हनुवटीवरून सांडत होतं, आमचं मोजकं पाणी. मग त्याच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. सगळ्यांनी बघितलं.

इथं ही गोष्ट संपली असती तर मी दात खात बसले नसते. त्याच दिवशी दुपारी नामा निरोप घेऊन आला : उद्यापासून धान्य मिळेल, ढोरांचं काय ते गाव बघेल, पण सकाळच्या पाण्याचं कुणी कुठं बोलायचं नाही. वस्तीतली जाणती माणसं आमच्या अंगणात बसली. पोरं उपाशी होती. त्यांनी होकार दिला. माझ्या दादानं दिला, ज्यानं मरू म्हटलं होतं त्यानं. आत्या कोपऱ्यात अंगठ्याला हळद बांधून बसली होती. ती म्हणाली, "त्याचं तोंड म्या मिटवलं, आन् तुमी माजं मिटवता व्हय?" दुसऱ्या दिवशी मिलो आला. आईनं भाकरी केली. मी खाल्ली. चावून चावून, कानशिलं दुखेस्तोवर खाल्ली आणि दुसरी मागून घेतली. आत्या मेली तोवर ती या विषयावर बोलली नाही. तिच्या उजव्या अंगठ्यावर चार दातांचा वण होता, तो मी तिला शेवटची आंघोळ घालताना बघितला.

आता हे सगळं आज का उकरून काढते? तर गेल्या आठवड्यात सोसायटीत चेअरमनच्या तसबिरीचं अनावरण झालं. त्याच्या आधी त्याचा नातू स्वतः घरी आला. गोड बोलणारा पोरगा आहे. "बाई, तुम्ही गावच्या पहिल्या शिकलेल्या. आजोबांवर पुस्तिका काढलीय, दोन शब्द बोला." मी पुस्तिका उघडली. चौथ्या पानावर चित्र होतं. चेअरमन हसतोय, पुढं एक बाई हात जोडून उभी आहे, आणि तो तांब्यानं पाणी पितोय. खाली लिहिलंय की भर दुष्काळात, जुन्या रूढी झुगारून, ते दलित वस्तीत गेले, मातीत बसले आणि तिथलं पाणी आवडीनं प्यायले. आवडीनं! बाईचं नाव नाही. आम्ही गप बसलो, म्हणून घोट त्यांचा झाला. तोंड मिटून ठेवलं की दुसरं कुणीतरी आपल्या वतीनं बोलतं, हे मला सत्तरीला आल्यावर कळावं, याचीच चीड येते.

मी गेले. मांडव होता, खुर्च्या होत्या, हार होते. वस्तीतली पोरंही होती, नव्या शर्टांत, त्यांच्यातल्या कुणालाच भागाआत्या माहीत नव्हती. माझं नाव पुकारलं. माईकसमोर उभी राहिले आणि तोंड उघडेना. खरंच उघडेना, मिटायचं मांस दांडगं. मी कानाच्या पुढं बोट ठेवलं, तिनं शिकवलं होतं तिथं, आणि थांबले. दमू दिलं. मग तसबिरीकडं बोट करून म्हणाले, "पुस्तिकेत चूक आहे. हे पाणी प्यायले नाहीत. यांना पाजलं. आमच्या आयांना शिवी देताना यांचा जबडा निखळला, तो माझ्या आत्यानं उघड्या अंगठ्यांनी बसवला आणि घोट गिळेपर्यंत सोडला नाही. तिचं नाव भागीरथी. पेला माझ्या हातात होता."

तेवढ्यात त्यांनी माईक बंद केला. बंद करू देत. पस्तीस वर्षं साठ-साठ पोरांच्या वर्गात मी माईकशिवाय बोलले आहे. मी आवाज चढवला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.